दोनशे रुपयांचं सील आणि साडेसहा हजारांचं बिल

मागच्या व्हिडिओत आपण प्रीमियर पद्मिनीच्या मागच्या एक्सलचं गळकं ऑईल सील बदललं. त्यावर सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न हा: "सर, सील तर दोनशेला मिळतं. मग बिल साडेसहा हजार कसं? आणि गिऱ्हाईक देतं का एवढे?"

देतं. पण ते पैसे सीलचे नसतात. कशाचे असतात, हे व्हिडिओच्या बारा मिनिटांत सांगता आलं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. ज्यांना गॅरेज काढायचंय त्यांच्यासाठी तर आहेच, पण फ्रिज दुरुस्तीवाले, मोटर वाइंडिंगवाले, शिलाई मशीनवाले, ज्यांचं काम "उघडल्याशिवाय कळत नाही" अशा प्रत्येकाला यातला हिशोब लागू पडतो.

आधी गिऱ्हाईक कोण ते बघू. मुंबईत पद्मिनीची काळी-पिवळी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून अधिकृतपणे गेली, कारण शेवटची टॅक्सी २००३ मध्ये नोंदलेली होती आणि टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे. म्हणजे रोज दीडशे किलोमीटर चालणारी, दर महिन्याला गॅरेजला येणारी पद्मिनी संपली. उरली ती घरची. आजोबांनी नंबर लावून, वाट बघून घेतलेली. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली ही गाडी आधी फियाट ११०० म्हणून विकली जायची, १९७४ पासून तिला पद्मिनी नाव पडलं. २०२१ मध्ये केंद्र सरकारने विंटेज गाड्यांच्या नोंदणीचे नियम काढले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली, मूळ रूपात जपलेली गाडी असेल तर नव्या नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांनी नूतनीकरणाला ५,०००, आणि नंबरमध्ये "व्हीए" ही अक्षरं. म्हणजे १९७४-७५ च्या पद्मिन्या आत्ता कुठे त्या रांगेत येतायत. अशी नोंदणी केली की गाडी धंद्याला वापरता येत नाही, रोजच्या वापरालाही नाही. हे गिऱ्हाईक लक्षात घ्या. गाडी महिन्यातून दोनदा निघते, पण ती निघते तेव्हा त्यात घरची माणसं बसलेली असतात.

आणि महिन्यातून दोनदा निघणाऱ्या गाडीचंच सील जास्त गळतं. उभं राहून रबर कडक होतं, त्याला तेल लागत नाही.

गळतं म्हणजे नेमकं काय

मागच्या दोन चाकांच्या मधोमध डिफरन्शियलचा गोळा असतो, त्यात गिअर ऑईल. तिथून दोन्ही बाजूंना पोकळ नळीसारखं हौसिंग, आणि त्यात दोन अर्धे शाफ्ट. शाफ्टच्या बाहेरच्या टोकाला चाक, त्याच्या जवळ बेअरिंग. तेलाने नळीतून बाहेर येऊन ब्रेकच्या ड्रममध्ये जाऊ नये म्हणून नळीच्या तोंडाशी सील. सील म्हणजे बाहेरून लोखंडी कडं, आत रबराची लिप, आणि लिपच्या मागे एक बारीक गोल स्प्रिंग, जी लिपला शाफ्टवर दाबून धरते. बस. एवढीच वस्तू.

ते गेलं की तेल ड्रममध्ये, तिथून ब्रेक शूवर. मग एका बाजूचा मागचा ब्रेक लागतो आणि दुसऱ्या बाजूचा घसरतो. जोरात ब्रेक मारला की गाडी एका बाजूला ओढते. पावसात, घाटात, उताराला. म्हणून मी बॅचमध्ये सांगतो की हे "गळतीचं" काम म्हणून लिहूच नका, जॉब कार्डवर "ब्रेकचं" काम म्हणून लिहा. गिऱ्हाईकसुद्धा त्याकडे वेगळ्या नजरेने बघतं, आणि ते खरंही आहे.

पहिला प्रश्न, ते तेल आहे तरी कुठलं? चाकाच्या आतून ओघळ दिसला की सगळे सीलकडे बोट दाखवतात. पण त्याच ड्रममध्ये ब्रेकचा व्हील सिलिंडरही असतो आणि तोही गळतो. गिअर ऑईल जाड, चिकट असतं आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. एकदा घेतला की जन्मात विसरत नाही. ब्रेक ऑईल पातळ असतं, रंग उचकटतं, आणि त्याच्या डब्यातली पातळी खाली गेलेली दिसते. दोन बोटांत चोळून, वास घेऊन, डबा बघून दोन मिनिटांत निकाल लागतो. ही दोन मिनिटं न दिल्यामुळे चांगलं सील काढून फेकलेलं आणि व्हील सिलिंडर तसाच गळत ठेवलेला मी पाहिलाय.

दुसरा प्रश्न, सील स्वतः मेलंय की त्याला कोणी मारलंय? हा या सगळ्या लेखाचा गाभा आहे, म्हणून जरा थांबतो.

एक्सलच्या हौसिंगवर एक छोटा ब्रीदर असतो, श्वास घ्यायचं भोक म्हणा. गाडी चालली की तेल आणि आतली हवा तापते, हवा फुगते, ती या भोकातून बाहेर पडते. पन्नास वर्षांचा चिखल, वर दोन वेळा मारलेला रंग, आणि ते भोक बंद. मग फुगलेली हवा कुठून जाणार? जिथे सगळ्यात मऊ जागा आहे तिथून, म्हणजे सीलच्या लिपखालून, आणि जाताना तेल घेऊन जाते. तुम्ही नवं सील घाला, जपानी घाला, जर्मन घाला, महिन्याभरात परत ओलं. कॉटर पिन घालून ब्रीदर मोकळा करायला पैसे लागत नाहीत.

तेल जास्त भरलेलं असणं हेही तसंच. सर्व्हिस करणाऱ्या पोऱ्याने तिरक्या जागेत गाडी उभी करून तेल भरलं तर पातळी चुकते. सपाट जागेवर, भरायच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत, त्याच्या वर नाही. सोसायटीच्या उतारावर कायम एका बाजूला कललेली उभी राहणारी गाडी असेल तर खालच्या बाजूचं सील आधी जातं. गिऱ्हाईकाला "गाडी कुठे उभी करता?" हे विचारा. त्याला वाटतं हा माणूस खोलात जातोय.

मग बेअरिंग. गाडी उचलून चाक वर-खाली धरून हलवा. टकटक प्ले लागला तर शाफ्ट फिरताना डुलतोय, आणि डुलणाऱ्या शाफ्टवर कुठलंच सील टिकत नाही. आणि शेवटचा गुन्हेगार म्हणजे शाफ्ट स्वतः. जिथे लिप घासते तिथे वर्षानुवर्षांत एक गोल खाच पडते. नख फिरवा. नख अडकलं तर तेल त्या खाचेतून येणारच.

आता बघा, सोडून दोन कारणं तरी अशी आहेत, की जी शाफ्ट बाहेर काढल्याशिवाय पक्की कळत नाहीत. इथेच दर सांगायची अडचण येते.

हाताचं काम

व्हिडिओत दिसलं ते परत लिहीत नाही, फक्त जिथे लोक चुकतात तेवढं.

पुढच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे, गाडी स्टँडवर. नुसत्या जॅकवर कधीच नाही, कारण शाफ्ट काढताना तुम्ही गाडीला हिसके देणार आहात. ज्या बाजूचं काम आहे ती बाजू थोडी जास्त उचला, म्हणजे तेल दुसऱ्या बाजूला राहतं आणि फरशीवर सांडत नाही. ड्रम काढल्यावर आतली धूळ कॉम्प्रेसरने उडवू नका. जुन्या लायनिंगमध्ये ॲसबेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका.

बेअरिंगला धरणाऱ्या प्लेटचे नट सोडले की शाफ्ट बाहेर ओढायचा. ब्रेकची बॅकप्लेट मात्र एका नटाने परत अडकवून ठेवा, नाहीतर ती लोंबकळून ब्रेकची लोखंडी नळी वाकते आणि एक नवीन काम तयार होतं. ओढायला स्लाइड हॅमर असेल तर उत्तम. नसेल तर ड्रम उलटा, ढिल्या बोल्टवर लावून तोच बाहेरच्या दिशेने हिसकतात, ही जुनी युक्ती अजून चालते.

सील मागायला दुकानात येताना जुनं सील घेऊन येऊ नका, असं मी सांगतो तेव्हा मिस्त्री लोक हसतात. पण जुनं रबर फुगलेलं किंवा झिजलेलं असतं. व्हर्नियर घ्या, शाफ्टचा व्यास मोजा, हौसिंगच्या भोकाचा व्यास मोजा, जाडी मोजा. तीन आकडे, तेही मिलिमीटरमध्ये. या तीन आकड्यांवर पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत ऑपेरा हाऊसला आजही सील मिळतं, गाडीचं नाव न सांगता. आणि एक मत माझं पक्कं आहे: जुन्या खोक्यातलं "ओरिजिनल" सील दिसलं की हरखून जाऊ नका. तीस-चाळीस वर्षं कपाटात पडलेलं रबर कडक झालेलं असतं. गिऱ्हाईकाला ओरिजिनलचं वेड असतं, ते ठीक आहे. त्याला ते खोकं शोकेसला ठेवायला द्या. शाफ्टवर नवीन रबरच घाला.

खाच पडलेल्या शाफ्टला दोन उपाय. हलकी असेल आणि जागा असेल तर नवं सील एखादा मिलिमीटर आत-बाहेर बसवायचं, म्हणजे लिप कोऱ्या जागेवर फिरते. खोल असेल तर वर पातळ स्टीलची स्लीव्ह चढवायची. तिची जाडी पाव मिलिमीटरच्या आसपास असते, त्यामुळे त्याच मापाचं सील चालतं. पॉलिश पेपर मारायचा तर शाफ्टच्या भोवती गोल मारा. लांबीच्या दिशेने मारलेला प्रत्येक ओरखडा म्हणजे तेलाला काढून दिलेली नाली.

सीलची स्प्रिंगची बाजू तेलाकडे, म्हणजे आत. लिपला बसवण्याआधी तेल लावा, कोरडी लिप पहिल्याच फेरीत जळते. ठोकताना छिन्नी-हातोडी नाही, सीलच्या कडेएवढ्या मापाचा पाइपचा तुकडा किंवा जुन्या बेअरिंगची बाहेरची रिंग ठेवून सरळ बसवा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, शाफ्ट परत घालताना त्याचं वजन हातावर उचलून धरा. शाफ्टच्या आतल्या टोकाला दातेरी आटे असतात. ते नव्या लिपवरून घासत गेले की लिप कापली गेली. दिसत नाही, पण गिऱ्हाईक घरी पोचायच्या आत गळायला लागतं. दोन माणसांचं काम आहे हे, आणि म्हणूनच मजुरी दोन माणसांची लावा.

बेअरिंग बदलायचं ठरलं तर एक गोष्ट जिवावर बेतणारी आहे. या प्रकारच्या एक्सलमध्ये बेअरिंगला शाफ्टवर धरून ठेवते ती घट्ट बसवलेली एक कॉलर. ती सरकली तर चाक शाफ्टसकट गाडीतून बाहेर येतं. चालत्या गाडीतून. म्हणून जुनी कॉलर परत वापरायची नाही. नवी, बरोबर मापाची, मॅन्युअलमध्ये दिल्याप्रमाणे तापवून किंवा प्रेसवर दाबून. कॉलर ढिली बसतेय म्हणून वेल्डिंगचा टाका मारून देणारे आहेत. त्यांना नम्रपणे नाही म्हणा आणि दुसरा लेथवाला शोधा. टाक्याने शाफ्टचं लोखंड तिथेच ठिसूळ होतं.

आणि तेल प्यायलेले शू? पेट्रोलने धुऊन, जाळून परत लावतात. वरवर कोरडे दिसतात. लायनिंगने आत शोषलेलं तेल ब्रेक तापला की परत वर येतं. बदलायचे, आणि दोन्ही चाकांचे बदलायचे, नाहीतर दोन बाजूंचे ब्रेक सारखे लागणार नाहीत.

आता पैसे

उदाहरणासाठी आकडे घेऊ, तुमच्या गावचे तुम्ही घाला. सील २००, बेअरिंग ९००, कॉलर ३००, दोन्ही चाकांचे शू रिलाइन करून १,२००, गिअर ऑईल ६००, प्रेसवाल्याला ३००. झाले ३,५००. मजुरी पाच तास.

तासाचा दर कसा काढायचा? बीबीएला आम्हाला कॉस्टिंगचा पेपर होता, त्यातलं मशीन-तासाचं गणित परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. दुकान टाकल्यावर तेच एक रोज उपयोगी पडतं. समजा जागेचं भाडं, पोराचा पगार, वीज, हत्यारांची झीज आणि तुमचा स्वतःचा पगार (हो, तो धरायचाच) मिळून महिन्याला ६०,००० खर्च. पंचवीस दिवस, आठ तास, म्हणजे २०० तास. पण बिल लागतं असे तास किती? सामान आणायला जाणं, चहा, फोन, "जरा बघा ना" म्हणणारे, सगळं वजा करून १२० धरा. ६०,००० भागिले १२०, म्हणजे एक तास तुम्हाला ५०० ला पडतो. नफा अजून आलाच नाही. ६०० लावले तर पाच तासांचे ३,०००. सामान ३,५००. बिल ६,५००.

आता शेजारचा मिस्त्री काय म्हणतो? "सील दोनशे, मजुरी आठशे, हजारात करून देतो." तीन तास लागतात. त्या तीन तासांचा त्याचा खर्च १,५००, हातात आले ८००, म्हणजे ७०० खिशातून गेले. त्याला ते कळत नाही, कारण तो भाडं महिन्याच्या शेवटी देतो. ब्रीदर बघितला नाही, शू पुसून लावले. तीन आठवड्यांनी गाडी परत. आता दुसऱ्यांदा तीन तास, फुकट. एकूण तोटा २,२००, आणि गिऱ्हाईक चारचौघांत सांगणार, ते वेगळंच. जुन्या गाड्यांचे मालक एकमेकांना ओळखतात. चांगलं नाव पसरायला वर्ष लागतं, वाईट नाव एका रविवारच्या ड्राइव्हमध्ये पसरतं.

पण म्हणून पहिल्या फोनवरच "साडेसहा हजार" सांगू नका. ते खोटं ठरू शकतं, दोन्ही बाजूंनी. कदाचित बेअरिंग ठणठणीत असेल आणि काम चार हजारांत होईल. कदाचित शाफ्टच गेलेला असेल. मी दोन टप्प्यांत बोलतो. पहिला टप्पा, उघडून बघायची मजुरी: दोन तासांचे १,२००, आधीच सांगितलेले, काम पुढे केलं तर अंतिम बिलातच धरलेले. ड्रम उघडा, शाफ्ट काढा, नख फिरवा, फोटो काढा. दुसरा टप्पा, व्हॉट्सॲपवर फोटोसकट तीन ओळी: हे करावंच लागेल, हे आत्ता केलं तर परत उघडायची मजुरी वाचेल, हे सध्या चालेल. गिऱ्हाईकाने "हो" लिहून पाठवलं की मगच पुढे. तोंडी "करा हो काका, तुमच्यावर सोडलं" यावर काम सुरू करायचं नाही, माणूस कितीही ओळखीचा असो. सोडलेलं असतं ते बिल बघेपर्यंतच.

"करावंच लागेल" मध्ये शू टाकले आणि गिऱ्हाईक म्हणालं शू नको, पैसे कमी करा, तर? इथे माझं मत कडक आहे. तेलकट शूवर गाडी द्यायची नाही. ट्रेनिंगला आलेले विचारतात, "मग गिऱ्हाईक गेलं तर?" जाऊ दे. उघडायचे १,२०० घ्या, गाडी होती तशी बंद करा, बिलावर "ब्रेक शूवर तेल, गाडी चालवण्यास योग्य नाही" असं लिहा, टोचन करून न्यायला सांगा. असं केल्यावर त्यातले बरेच जण तिथेच "बरं, टाका शू" म्हणतात, कारण कागदावर लिहिलेलं वाक्य तोंडी सांगितल्यापेक्षा जड असतं.

हमी किती द्यायची? ज्याला हात लावला त्याचीच. "डाव्या बाजूचं सील आणि मजुरी, सहा महिने", असं स्पष्ट. उजव्या बाजूचं सील तुम्ही बदललेलं नाही, ते उद्या गळलं तर तो तुमचा दोष नाही, पण गिऱ्हाईकाच्या डोक्यात "मागचं सील" एकच असतं. उजव्या बाजूचा ड्रम शूसाठी उघडलेला असतोच, तेव्हा तिथला कोरडेपणा फोटोत घेऊन ठेवा. कोरडं असेल तर ते उगाच बदलू नका.

जुनं सील, जुनं बेअरिंग, जुनी कॉलर एका पिशवीत घालून गाडीच्या डिकीत ठेवा. न मागता. साडेसहा हजार कुठे गेले ते हाताला लागतं. खाच पडलेल्या शाफ्टचा फोटो आधी पाठवलेला असतोच.

गाडी देण्याआधी वीस-पंचवीस किलोमीटर फिरवा, आतलं तेल तापू द्या, मोकळ्या रस्त्यावर ब्रेक मारून गाडी सरळ थांबते का बघा. परत आल्यावर चाकाच्या आतल्या बाजूला स्वच्छ फडकं फिरवा आणि रात्रभर खाली वर्तमानपत्र पसरा. सकाळी कागद कोरडा असेल तर किल्ली द्या. पंधरा दिवसांनी स्वतः फोन करा: "टायरची आतली बाजू एकदा बघून सांगता का?" दोन मिनिटांचा फोन आहे. माझ्याकडे ज्या जुन्या गाड्या येतात, त्यातल्या बऱ्याच अशा फोनच्या शेवटी "माझ्या मेव्हण्याकडे पण एक डिलाइट आहे" असं ऐकल्यावर आल्यात.

पुढच्या व्हिडिओत कॉलर तापवून बसवणं आणि लेथवाल्याकडून माप कसं तपासून घ्यायचं ते दाखवतो. तोपर्यंत तुमच्या दुकानाचा महिन्याचा खर्च आणि खरे बिल लागणारे तास एका कागदावर लिहून ठेवा, तो कागद तेव्हा लागेल.